नाटकाआधी परीक्षण वाचावे का? मदत हवी आहे

तिकीट काढण्याआधी परीक्षण वाचण्याची माझी जुनी सवय आहे. परंतु अलीकडे पडदा उघडल्यावर मी नाटक पाहण्याऐवजी समीक्षकाचे म्हणणेच पडताळत बसतो, आणि दुसऱ्या अंकातली कलाटणी आधीच ठाऊक असल्याने तिचा धक्का बसत नाही. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या ‘द माउसट्रॅप’ या रहस्यनाटकाच्या प्रेक्षकांना शेवट कोणालाही न सांगण्याची विनंती केली जाते, ती मला फार योग्य वाटते. शिवाय परीक्षण बहुधा सुरुवातीच्या प्रयोगावर बेतलेले असते, आणि नाटक तर प्रयोगागणिक बदलते. तरीही काहीच न वाचता जाण्याचे धाडस होत नाही. कथानक न कळता प्रयोगाचा दर्जा तेवढा समजावा, यासाठी परीक्षणातले नेमके काय वाचावे, याविषयी आपला अनुभव कृपया सांगावा.