वृद्धाश्रमात इन्सुलिनच्या डोसचा घोळ कसा थांबवायचा?

मानेवाडा_नागपूर: आमच्याकडे काही आजी-आजोबांचं इन्सुलिन वायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) असतं, काहींचं पेनने. रात्रपाळीची बाई बदलली की गडबड होते. आणि मे महिन्यात लाइन गेली तर फ्रिजचं काय करायचं?

औषधवाला: आधी सिरिंज बघा. 40 ताकदीच्या (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) वायलला लाल टोपीची, 100 च्या वायलला केशरी टोपीची. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर 20 नाही, 50 युनिट जातात! उलट झालं तर जेमतेम 8. पेनच्या कार्ट्रिजमधून (आतल्या औषधाच्या नळीतून) सिरिंजने औषध काढू नका. डॉक्टरांशी बोलून सगळ्यांना एकाच ताकदीवर आणता आलं, तर अर्धी डोकेदुखी तिथेच मिटेल.

वॉर्ड_सिस्टर: चार्टवर पूर्ण ‘युनिट’ लिहा राजेहो. नुसता इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो, 4 चे 40 होतात. एकाचं पेन दुसऱ्याला नको, सुई बदलली तरी नको. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट तयार असल्याशिवाय देऊ नका.
शुगर 70 च्या खाली आणि माणूस शुद्धीवर: 3 चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 लावा.

औषधवाला: फ्रिजचं राहिलं. न उघडलेल्या वायल 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेली सरळ फेका. लाइन गेली की दार उघडझाप बंद. वापरातल्या वायलवर उघडल्याची तारीख टाका, बहुतेक 28 दिवस चालतात, पण आपल्याकडच्या 45 अंशांत टेबलावर ठेवून नाही.