लेजंड्समधल्या युद्धांना इतिहास म्हणायचं का, आणि ती वाचायची कशी?

पानगळ

गेल्या महिन्यात ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममध्ये एक जग तयार केलं. मध्यम आकाराचं, २५० वर्षांच्या इतिहासाचं. खेळायचा किल्ला वसवण्याआधी सहज म्हणून लेजंड्स मोड, म्हणजे त्या जगाच्या इतिहासाच्या नोंदी वाचायचा भाग, उघडला आणि किल्ला बाजूलाच राहिला. रोज रात्री तासभर मी नुसती वाचत बसते.

ज्यांनी हा गेम पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी जमीन तयार होते. उंची, पाऊस, तापमान, पाण्याचा निचरा यांवरून डोंगर, जंगलं, दलदली ठरतात. मग बुटके ड्वार्फ डोंगरात, वनप्रेमी एल्फ जंगलात, माणसं मैदानात आणि दुष्ट गॉब्लिन शापित मुलखात वस्ती करतात आणि वर्षं पुढे सरकू लागतात. कोण जन्मलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, कोण गादीवर बसलं, कोणी कोणाला मारलं, सगळ्याची नोंद होते. आपण खेळायला येतो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं.

तर माझ्या जगात वर्ष ९७ मध्ये डोंगरातल्या एका किल्ल्यातून चार वर्षांची ड्वार्फ मुलगी गॉब्लिनांनी पळवून नेली. एवढीच ओळ आहे. पुढे तिचं पान बराच काळ रिकामं. मग ती एकदम गॉब्लिनांच्या फौजेची सरदार म्हणून दिसते आणि वर्ष १३१ मध्ये तिची फौज एका किल्ल्यावर चालून जाते. किल्ल्याचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून मागे जाऊन पाहिलं, तर तो तिचाच किल्ला.

त्या लढाईत मेलेल्यांच्या यादीत एक तीस वर्षांचा ड्वार्फ आहे. त्याला तिनेच मारलं, तशी नोंदच आहे. त्याच्या पानावरून आईच्या पानावर गेले, तिथे मुलांची यादी पाहिली आणि हात थांबला. यादीत तीही होती. तो तिचा सख्खा भाऊ. ती पळवली गेल्यावर चार वर्षांनी जन्मलेला. दोघांनी एकमेकांना पाहिलं ते बहुधा त्याच दिवशी.

माझ्यासोबत खेळणारा मित्र म्हणतो, यात गुंतण्यासारखं काही नाही, हे कोणी लिहिलेलंच नाही, फासे पडले आणि आकडे जुळले. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. तिला माहीत होतं का, हे गेम सांगत नाही. मग ही गोष्ट गेमची की माझी?

दुसरी अडचण साधी आहे. ही मुलगी मला योगायोगाने सापडली. बाकीची अडीचशे वर्षं कशी वाचायची? मी सगळ्यांत मोठ्या युद्धापासून सुरुवात केली. ड्वार्फ आणि एल्फ यांचं साठ वर्षं चाललेलं युद्ध. वीस लढायांनंतर सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या.

खोदकाम

आधी कामाचं. लेजंड्समधून सगळी माहिती एक्सएमएल फाइलमध्ये काढता येते. ती खेळाडूंनीच बनवलेल्या लेजंड्स व्ह्यूअर या प्रोग्रॅममध्ये उघडा. प्रत्येक नावावर क्लिक करून इकडून तिकडे जाता येतं, त्यामुळे आई आणि मुलांची जुळवाजुळव मिनिटाभरात होते.

आणखी एक गोष्ट बघा. जग तयार करतानाच्या प्रगत पर्यायांमध्ये बिनमहत्त्वाच्या ऐतिहासिक व्यक्ती गाळून टाकण्याचा पर्याय असतो. जग तयार होण्याचा वेग टिकावा म्हणून तो ठेवलाय. पण तुमच्यासारखं वाचायचं असेल तर पुढचं जग तो बंद करून बनवा. वेळ जास्त लागतो. त्या बदल्यात ज्यांनी काहीच केलं नाही अशी माणसंही नोंदीत राहतात, आणि ज्यांनी काही केलं त्यांचे शेजारीपाजारी तेच असतात.

जुनी_वही

पानगळ, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी एकाच जगाची वही सात वर्षं ठेवतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

युद्धापासून सुरुवात करू नका. या गेममध्ये युद्धाचं कारण फार पातळ असतं. प्रत्येक संस्कृतीच्या फाइलमध्ये काय चालतं आणि काय नाही याचा तक्ता असतो. ती साधी मजकुराची फाइल आहे, कोणीही उघडून वाचावी. एल्फांना झाड तोडणं कल्पनेपलीकडचं पाप, पण युद्धात मारलेल्या शत्रूला खाणं चालतं. ड्वार्फांना झाड तोडण्यात काही गैर वाटत नाही आणि मारलेल्याला खाणं कल्पनेपलीकडचं. दोघे शेजारी आले की या दोन ओळी एकमेकींवर घासतात. छोटे वाद आणखी साधे असतात, चराईचा हक्क, पाण्याचा हक्क, जाण्यायेण्याची वाट. एवढ्याशा कारणावर साठ वर्षांचं युद्ध उभं असतं, म्हणून कारण शोधत गेलं की हाताला काही लागत नाही.

परिणाम मात्र टिकून राहतो आणि तो दाट असतो. मेलेला मेलेलाच राहतो. त्याची मुलं पोरकी होतात आणि तशीच मोठी होतात. पडलेला किल्ला नकाशावर पडलेलाच दिसतो, कोणी पुन्हा वसवेपर्यंत. तुमच्या मुलीची गोष्ट घ्या. पळवून नेण्याचा नियम वेगळा, सरदार होण्याचा वेगळा, चढाईचं लक्ष्य ठरवण्याचा वेगळा. एकाही नियमाला पुढचं माहीत नव्हतं. पण ९७ सालची नोंद पुसली गेली नाही, म्हणून १३१ मध्ये तिला अर्थ आला. मित्राला हे सांगा. फासे पडले हे खरं आहे. पडलेला प्रत्येक फासा तिथेच ठेवला गेला हेही तितकंच खरं आहे, आणि माझ्या मते इतिहास तिथून सुरू होतो.

कोणी लिहिलंच नाही, हेही पूर्ण खरं नाही. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी २००२ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००६ मध्ये गेम पहिल्यांदा लोकांसमोर आणला. झॅक छोट्या कथा लिहितो आणि दोघे त्या उलगडून बघतात, की असं काही गेममध्ये आपोआप घडायचं असेल तर काय काय लागेल. म्हणजे पळवलेलं मूल परत येऊ शकेल अशी जागा कोणीतरी विचार करून ठेवली होती. कोणतं मूल, हे तेवढं ठरवलं नव्हतं.

वाचायची माझी रीत अशी. एक वस्तू धरायची किंवा एक सामान्य माणूस, आणि सोडायचा नाही. माझ्या वहीत एक चांदीचा प्याला आहे. वर्ष ५८ मध्ये एका ड्वार्फ कारागिराने घडवला, घराण्यात वारसाहक्काने राहिला, ११२ च्या धाडीत गॉब्लिनांनी लुटून नेला. तेव्हापासून त्या घराण्यातलं कोणी ना कोणी त्यावर हक्क सांगतंय. हक्क सांगणाऱ्यांची नावं बदलत गेली, प्याला तिथेच आहे. त्या एका प्याल्यामागे मी तीन युद्धं वाचली आणि तिन्ही लक्षात राहिली, कारण प्रत्येक युद्धात मला एकच गोष्ट बघायची होती. यात तो परत येतो का?

वयाकडेही लक्ष ठेवा. ड्वार्फ दीडशे ते एकशे सत्तर वर्षं जगतात, माणसं त्याहून बरीच कमी, आणि एल्फ व गॉब्लिन म्हातारपणाने मरतच नाहीत. माझ्या जगात एल्फांशी माणसांचं एक लांब युद्ध झालं. एल्फांची राणी पहिल्या वर्षी होती तीच तहाच्या वेळी होती. माणसांकडे तोवर चौथा राजा होता. तह करताना समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकीने पहिली लढाई स्वतः पाहिली होती आणि दुसऱ्याच्या पणजोबांनी. हे गेम कुठेच लिहीत नाही. जन्माची आणि मृत्यूची सालं शेजारी मांडली की दिसतं.

मिठाची_वाट

जुनी_वही यांच्याशी बराच सहमत, पण कारणांबद्दल वेगळं मत मांडतो.

मी केव्ह्ज ऑफ कड हा दुसरा गेम जास्त खेळतो. तिथे जुन्या सुलतानांची चरित्रं प्रत्येक खेळात नव्याने तयार होतात, आणि पद्धत बरोबर उलटी आहे. ड्वार्फ फोर्ट्रेस वर्षामागून वर्ष जग चालवून बघतो. कडमध्ये घटना आधी निवडली जाते आणि तिचं कारण नंतर जोडलं जातं. सुलतानाने एका शहराला वेढा घातला हे आधी ठरतं. का घातला, ते त्याच्याबद्दल आधीच ठरलेल्या गोष्टींतून उचलून मागाहून लिहिलं जातं. गेम बनवणाऱ्या जेसन ग्रिनब्लॅट आणि ब्रायन बक्लू यांनी २०१७ मध्ये यावर शोधनिबंधही लिहिलाय.

ऐकायला फसवणूक वाटते, पण खेळताना तसं वाटत नाही. कारण तो इतिहास आपल्याला एका जागी मिळत नाही. एखाद्या देवळातलं शिल्प, एखाद्या भांड्यावरचं चित्र, कोणीतरी सांगितलेलं गुपित, असा तुकड्यातुकड्यांनी हाती येतो. तो मुळातच लोकांनी सांगितलेला, भक्तांनी सजवलेला इतिहास आहे, आणि भक्त कारण मागाहूनच देतात. त्यामुळे ड्वार्फ फोर्ट्रेस मला दप्तरखान्यासारखा वाटतो आणि कड बखरीसारखा. दोन्ही इतिहासच आहेत. पानगळ, तुमच्याकडे दप्तर आहे आणि तुम्ही बखर मागताय. ती तुम्हालाच लिहावी लागणार.

जेम्स रायन यांनी २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत केलेला पीएचडी प्रबंध याच विषयावर आहे. अशी जगं ढिगाने घटना निर्माण करतात, पण घटनांचा ढीग म्हणजे कथा नव्हे. कोणीतरी तो चाळून, निवडून, मांडायला हवा. तुम्ही आईच्या पानावर गेलात तेच हे चाळणं. म्हणून "गेमची की माझी" याचं माझं उत्तर असं, की घडणं गेमचं आणि सापडणं तुमचं.

एक विनंती आहे. बखर लिहिताना तिला माहीत होतं असं लिहू नका, आणि माहीत नव्हतं असंही नको. नोंदीत जी जागा रिकामी आहे ती तुमच्या पानावरही रिकामी ठेवा. मी एकदा अशी जागा भरली होती. नंतर मूळ नोंद उघडली की माझं वाक्यच आधी आठवायचं आणि नोंद दिसेनाशी व्हायची. शेवटी ते पान फाडलं.

पानगळ

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण सांगितलेलं करून बघत होते.

मी आईला धरलं. सरदार झालेली मुलगी नाही, मेलेला मुलगाही नाही, आई. तिच्या पानावर फक्त अकरा नोंदी आहेत. लग्न, तीन मुलांचे जन्म, ९७ ला मुलगी गेली, ९९ ला नवरा एका लढाईत गेला. ९९ ला नवरा गेला आणि मुलगा १०१ मध्ये जन्मला, हे जुळेना. नीट पाहिलं तर मधे दुसरं लग्न आहे, जे माझ्या नजरेतून सुटलं होतं. म्हणजे ती दोघं सख्खी भावंडं नव्हेत, आई एक आणि वडील वेगळे. पहिल्या वेळी मी घाईने "सख्खा" लिहिलं, ते चुकलं. मिठाची_वाट यांची विनंती आता अगदी पटली.

१३१ च्या लढाईतून आई वाचली. किल्ला पडला, ती दुसऱ्या वस्तीत गेली. वर्ष १३४ मध्ये तिच्या राज्याने तो किल्ला पुन्हा वसवला आणि ती परत तिथे राहायला आली. शेवटची नोंद १५८ ची, म्हातारपणाने मृत्यू, त्याच किल्ल्यात. जिथून मुलगी नेली आणि जिथे मुलगा मेला, तिथेच चोवीस वर्षं आणखी. साठ वर्षांच्या त्या युद्धात तिच्या किल्ल्यावर दोनदा हल्ला झाला. आता त्या दोन लढाया मला बाकीच्या अठरांपासून वेगळ्या ओळखू येतात.

मग त्याच राज्यातून माझा किल्ला सुरू केला. जेवणघराच्या भिंती घासून गुळगुळीत करून घेतल्या आणि कोरायला एक जण लावला. परवा त्याचं एक काम उघडून वाचलं. भिंतीवर एक ड्वार्फ आणि भोवती गॉब्लिन. ड्वार्फ अंग चोरून उभी आहे, गॉब्लिन हसतायत. खाली लिहिलंय की हे चित्र वर्ष ९७ मध्ये अमुक मुलीला पळवून नेल्याच्या घटनेचं आहे. तिचंच नाव. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, सांगायचं कसं तेही मला माहीत नाही. त्या भिंतीला लागून टेबलं मांडली होती, ती मागे सरकवली.

मित्राला बोलावून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण आईचं पान उघड म्हणाला.

जुनी_वही, तुमच्या प्याल्याचं पुढे काय झालं?

जुनी_वही

अजून गॉब्लिनांकडेच आहे. सध्या हक्क सांगणारी नऊ वर्षांची मुलगी आहे. तिच्याच राज्यातून या आठवड्यात किल्ला सुरू करतोय, आणि तो प्याला आणायला तुकडी पाठवणार आहे.