काडीपैलवान नातवाच्या अंगात चरबी?

कऱ्हाकाठची आजी:
लेक दुसऱ्यांदा गरोदर आहे, सहावा चालू. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. तिचं बी-12 फार कमी आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यानं पुढे मुलाच्या अंगात चरबी वाढू शकते. पहिला नातू जन्मला 2.6 किलोचा, अजून काडीपैलवानच. त्याच्या अंगात कुठली आलीय चरबी? उगाच घाबरवतात का?

लाडूवाली मावशी:
काही होत नाही हो. डिंकाचे लाडू, साजूक तूप सुरू करा. बाळ कसं गुटगुटीत होतं बघा.

निवृत्त सिस्टर:
मावशी, ते लाडू बाळंतपणानंतर! आजी, बाई खरं बोलल्या. हे आपल्या पुण्याजवळच दिसलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनची 3.5 ची. आपल्या बाळांचे दंड, पोट सगळं बारीक, पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरलेली कातडी त्या मानानं भरलेली. म्हणजे कमी पडलं ते मांस. चरबी बाळानं राखली.

तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर परत तपासली. ज्यांच्या आईचं गरोदरपणी फोलेट (फॉलिकच्या गोळीतलं जीवनसत्त्व) जास्त आणि बी-12 कमी, त्या मुलांत इन्सुलिन नीट लागू न पडण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त. फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत चरबीही जास्त. वजनकाट्यावर हे कळत नाही.

पण हे वाचून फॉलिकची गोळी मनानं बंद करू नका हं. बी-12 भरून काढायचं, एवढंच. आणि साखर तपासली ना? आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचंच इन्सुलिन जास्त तयार करतं आणि चरबी साठवतं.

कऱ्हाकाठची आजी:
ग्लुकोज पाजून दोन तासांनी 118 आली, ठीक आहे म्हणाल्या. मग पालेभाजी वाढवू? आणि बी-12 ची गोळी माळेला चालते का?

निवृत्त सिस्टर:
पालेभाजी द्याच, पण तिच्यात बी-12 नसतं. दूध-दह्यात असतं, मात्र एवढी कमतरता तेवढ्यानं भरायची नाही. गोळी की इंजेक्शन ते बाई ठरवतील. बी-12 जिवाणूंपासून बनवतात, त्याला हरकत नसावी. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून औषधवाल्याकडून साधी गोळी मागून घ्या.