फुटाळ्यावरच्या पाकोळ्यांचे आवाज: स्पेक्ट्रोग्राममध्ये उलटी रेघ का येते?

प्राणिशास्त्र_नागपूर: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी फुटाळा तलावाच्या काठी, दिव्यांखाली किडे टिपणाऱ्या पाकोळ्यांचे (छोट्या वटवाघळांचे) आवाज नोंदवतोय. यंत्र ऑडिओमॉथ, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो दर) १९२ किलोहर्ट्झ, गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) सगळ्यात वर, कठड्याला बांधलेलं. अडचणी तीन. हाक ६० वरून ४५ किलोहर्ट्झवर उतरते, पण स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रात) तिच्या वर आणखी एक रेघ दिसते. ती ७२ पासून चढते, ९६ ला टेकते आणि ९० पर्यंत खाली येते. दुसरं, प्रत्येक हाकेमागे तीनेक मिलिसेकंदांनी तिचीच फिकट प्रत असते. तिसरं, दिव्याजवळ हाका एकदम दाट होतात. ही त्यांची आपसातली बोलाचाली समजायची का? पुढे पीएच.डी. वटवाघळांची श्रवणशक्ती आणि संवाद यावरच करायची आहे.

ध्वनीवाला: ती चढती रेघ त्या जागी खरी नाही. १९२ च्या दराने ९६ किलोहर्ट्झपर्यंतचेच आवाज नीट नोंदतात, त्यावरचे दुमडून खाली येतात. हाकेसोबत तिच्या दुप्पट वारंवारतेचा आवाजही उमटतोय: ६० ची दुप्पट १२०. १९२ मधून १२० गेले, उरले ७२. ४५ ची दुप्पट ९०, ती जागच्या जागी राहते. तुमची रेघ जुळली.

आता ही दुप्पट पाकोळीच्या गळ्यातली की यंत्रातली? वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटांचा आलेख) एकेक लाट सुटी दिसेपर्यंत मोठा करा. लाटांचे शेंडे छाटल्यासारखे सपाट असतील, तर आवाज यंत्राच्या मर्यादेबाहेर गेलाय आणि दुप्पट यंत्रातलीही असू शकते. अशा फाईली मोजमापाला घेऊ नका, कारण छाटलेला भाग कुठल्याच फिल्टरने परत येत नाही. सॅम्पल रेट ३८४ करा आणि गेन मध्यम ठेवा. नुसता रेट वाढवून छाटणी थांबणार नाही, दोन्ही बदला. ३८४ ला तासाला सुमारे २.७६ जीबी भरतात, त्या हिशेबाने कार्ड घ्या. स्पेक्ट्रोग्रामची खिडकी (एका वेळी तपासायचा तुकडा) ५१२ सॅम्पलची ठेवलीत तर ती १.३ मिलिसेकंदांची होते. चार-पाच मिलिसेकंदांच्या हाकेला ती पुरते.

फिकट प्रत हा प्रतिध्वनी आहे. तीन मिलिसेकंदांत आवाज साधारण एक मीटर जातो, म्हणजे अर्ध्या मीटरवर काहीतरी कठीण आहे. बहुतेक तुमचा कठडाच! यंत्र दोनेक मीटर उंच बांबूवर, भिंतीपासून दूर लावा आणि माइक तिरका वर, मोकळ्या हवेकडे करा. पावसाची भीती म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, वरच्या वारंवारता तिथेच अडतात.

माइकच्या दिशेला हलकं लेखू नका. १९३८ मध्ये हार्वर्डला वटवाघळांचे अभ्यासक डोनाल्ड ग्रिफिन यांनी भौतिकशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळं नेली, तेव्हा अल्ट्रासाउंड (माणसाला ऐकू न येणारा वरचा आवाज) सापडला, पण उडत्या वटवाघळाचा क्वचितच मिळाला. यंत्र एकाच दिशेने ऐकत होतं आणि वटवाघळाची हाकही झोतासारखी पुढे जाते.

रात्रपाळी: दाट हाका म्हणजे बोलाचाली नव्हे. किडा शोधताना सेकंदाला दहाच्या आसपास हाका, टिपताना दीडशेच्या वर. याला फीडिंग बझ म्हणतात. त्या क्रमाने आखूड होत जातात आणि किडा मिळो न मिळो, शेवटी क्षणभर शांतता असते. सामाजिक हाक सहसा लांब, खालच्या वारंवारतेची, वळणावळणाची असते आणि बरेचदा दुसरी पाकोळी जवळ असतानाच येते. नुसत्या आवाजावरून ठरवू नका, सोबत इन्फ्रारेड कॅमेरा लावा. तापमान आणि आर्द्रता रोज लिहा. वरच्या वारंवारता हवेत किती विरतात ते त्यांवर ठरतं, म्हणून मे आणि ऑगस्टच्या नागपुरातले हाकांचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत.

प्राणिशास्त्र_नागपूर: शेंडे सपाटच निघाले. कॅमेऱ्याइतकं बजेट नाही. आणि श्रवणाचं काय?

श्रवण_शोध: श्रवण मोजायचं तर प्राणी पकडावा लागतो, गुंगी द्यावी लागते, कातडीखाली सुईचे इलेक्ट्रोड बसवून मेंदूकडे जाणारे संकेत नोंदवावे लागतात. त्यासाठी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची आणि वनखात्याची लेखी परवानगी हवी. स्पीकरचं प्रत्येक वारंवारतेवर कॅलिब्रेशन (आवाज मोजून जुळवणं) हवं, नाहीतर स्पीकरचा दोष प्राण्याच्या कानावर जातो. हे पीएच.डी.साठी ठेवा. वटवाघळांचे जर्मन अभ्यासक गेरहार्ड नॉइवायलर यांचं मदुराईतलं काम आत्ताच वाचायला घ्या. किडे-बेडकांची नुसती सळसळ ऐकून शिकार करणारं भारतीय फॉल्स व्हॅम्पायर वटवाघूळ त्यांनी अभ्यासलं.

संवाद मात्र आजही सुरू करता येईल. वडा-चिंचेवर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं हाकेच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधत उडत नाहीत आणि त्यांची भांडणं आपल्या कानांना ऐकू येतात. ४८ किलोहर्ट्झचा साधा रेकॉर्डर, दिशादर्शी माइक आणि दुर्बीण पुरे. वसाहतीपासून वीसेक मीटरवर बसा. दर दहा मिनिटांनी एकच प्राणी निवडून तो कोणाशी, कशावरून ओरडला ते लिहा: जागेवरून, मिलनावरून, की पिलावरून. आधी वर्तन लिहा, मग आवाज ऐका. उलट केलंत तर कानाला वाटेल तेच डोळ्यांना दिसेल. झाडाच्या थेट खाली थांबू नका, पडलेल्या पिलाला उघड्या हाताने उचलू नका. ते दिसलं तर वनखात्याला कळवा.