शब्दचर्चा: ‘स्पॉन्सरशिप प्रॉस्पेक्टस’ला मराठीत काय लिहायचं?

मदत हवीये. सांगलीकडच्या एका कॉलेजात मी शिकवते, आमची पोरं सोशल आंत्रप्रनरशिपचा प्रोग्राम चालवतात, म्हणजे टीम करून बचत गटातल्या बायकांबरोबर काम करायचं, पॅकिंग, हिशेब, विक्री नीट बसवून द्यायची आणि धंदा चालायला लागला की आपण बाजूला व्हायचं. त्यासाठी पैसे उभे करायचेत. इंग्रजी स्पॉन्सरशिप प्रॉस्पेक्टस, म्हणजे पैसे देणाऱ्यांना दाखवायचं पत्रक, तयार आहे, पण तो कुपवाड एमआयडीसीतल्या कारखानदारांना आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांना द्यायचाय तर मराठीतच पाहिजे. पोरांनी वर लिहिलंय ‘पुरस्कर्ता माहितीपत्रक’ आणि आत प्रायोजक, देणगीदार, भागीदार, गुंतवणूकदार सगळे एकाच अर्थानं. मला खटकतंय. नक्की कुठं काय लिहायचं?

— — —

खटकतंय ते बरोबरच आहे मॅडम. हे चार शब्द म्हणजे पैसे द्यायच्या चार वेगळ्या रीती आहेत आणि व्यापाऱ्याला तो फरक आपल्यापेक्षा जास्त कळतो.

‘गुंतवणूकदार’ आधी काढा. यार्डात कुणाला गुंतवणूक म्हणालात की पुढचा प्रश्न परतावा किती आणि कधी, आणि तो प्रश्न रास्तच आहे. ‘भागीदार’ तर त्याहून जड, तिथं भागीदार म्हणजे पेढीच्या नफ्यातोट्यात वाटा असलेला माणूस, १९३२ चा भागीदारी कायदा त्यावरच उभा आहे. इंग्रजीत पार्टनर कुणालाही म्हणतात म्हणून पोरांनी उचललेला दिसतोय. नुसतं बरोबर काम करणाऱ्याला ‘सहयोगी’ म्हणा.

आता खरे दोन, प्रायोजक आणि देणगीदार. प्रायोजक पैसे देतो आणि बदल्यात काहीतरी घेतो, बॅनरवर नाव, स्टॉल, पाकिटावर लोगो. तो व्यवहार आहे, त्याचं बिल होतं, जीएसटीचा प्रश्न येतो. देणगीदार बदल्यात काही मागत नाही, त्याला पावती लागते आणि संस्थेकडे ८०जी (देणगीवर आयकरात सूट मिळते ती मान्यता) असेल तर ती सवलत, तीही २ हजारांच्या वर रोख दिली तर मिळत नाही. म्हणून दोघांना एका तक्त्यात बसवू नका, दोन वेगळी पानं करा.

आणि तिसरा पाहुणा म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी समाजाच्या कामावर करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना (निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मूल्य म्हणजे नेटवर्थ ५०० कोटी, यातलं एक जरी असलं तरी) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. पण २०२१ ला नियम बदलले त्यात स्पष्ट आलंय की स्वतःच्या मालाच्या मार्केटिंगचा फायदा मिळावा म्हणून स्पॉन्सरशिपच्या रूपात दिलेला पैसा सीएसआर धरला जात नाही. म्हणजे ज्या पानावर सीएसआर निधी मागताय त्याच पानावर ‘प्रायोजक’ आणि ‘लोगो मोठा लावू’ लिहिलंत तर कंपनीचा सीए तिथंच थांबवणार. तिथं ‘सीएसआर सहाय्य’ लिहा आणि कामाबद्दल बोला, जाहिरातीबद्दल नको. शिवाय पैसे घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागते, ती असेल तरच हे पान ठेवा.

— — —

पोरांनी लिहिलेल्या ‘पुरस्कर्ता’बद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, तो का नको? ‘केंद्र पुरस्कृत योजना’ सरकारी कागदावर रोज वाचतो की आपण, तिथं अर्थ स्पॉन्सर्डच आहे.

— — —

आहे ना, आणि निवडणुकीत ‘पक्ष पुरस्कृत उमेदवार’ पण म्हणतात. पण दोन्हीकडं पाठीशी उभं राहणं हा अर्थ आहे, बदल्यात जाहिरात नाही. आणि कॉलेजच्या कागदावर पुरस्कार दिसला की लोकांना बक्षीस समारंभच आठवतो. प्रायोजक टीव्हीमुळं घराघरात पोचलाय, तोच ठेवा. फक्त तो ‘प्रयोजक’ लिहू नका, बऱ्याच पत्रकांत दिसतं ते. प्रयोजक क्रियापद म्हणजे हसवणं, करवणं, ते व्याकरणातलं.

— — —

आणि प्रॉस्पेक्टसचं काय? मला तर हा शब्दच नको वाटतो. कंपनी कायद्यात प्रॉस्पेक्टस म्हणजे लोकांना शेअर, डिबेंचर (कर्जरोखे) घ्या म्हणून दिलेला दस्तऐवज, आणि कॉलेजात म्हणजे ॲडमिशनचं पुस्तक. माहितीपत्रक म्हणलं तरी ॲडमिशनच डोळ्यापुढं येते. सरळ ‘प्रायोजकत्व प्रस्ताव’ लिहा, समोरच्याला कळतं की आपल्याला हो किंवा नाही म्हणायचंय.

‘सामाजिक उद्योजकता’ लिहाल तिथं मात्र खाली दोन ओळी समजावून द्या. आपल्याकडं ‘सामाजिक’ म्हणलं की लोक समाजसेवा धरतात, मग बायका माल विकून पैसे कमावतायत हे वाचून गोंधळतात. बांगलादेशातले महंमद युनूस आणि त्यांनी गरिबांना छोटी कर्जं द्यायला काढलेली ग्रामीण बँक, दोघांना २००६ चं शांततेचं नोबेल मिळालं, पण ती बँक कर्जं फुकट वाटत नव्हती, व्याजासकट परत घेत होती. युनूस ज्याला सोशल बिझनेस म्हणतात त्यात पैसे घालणाऱ्याला मुद्दल परत मिळतं आणि नफा कामातच राहतो. तेव्हा नफा हा शब्द लपवू नका. आणि बायकांना ‘लाभार्थी’ तर अजिबात लिहू नका! लाभार्थी योजनेचे असतात, ह्या बाया मालक आहेत, ‘उत्पादक’ लिहा.

— — —

सगळ्यांचे आभार, फार उपयोगाचं आहे हे, उद्याच पोरांना बसवते. एकच राहिलं, गोल्ड-सिल्व्हर-ब्रॉन्झला सुवर्ण, रौप्य, कांस्य करायचं का?

— — —

सुवर्ण प्रायोजक म्हणजे सराफाची जाहिरात वाटेल मॅडम. ‘मुख्य प्रायोजक’ आणि ‘सहप्रायोजक’ हे दोन रुळलेले आहेत, तेवढे बास. पण मला विचाराल तर हुद्द्यांपेक्षा काम लिहावं, ‘एका गटाचं वर्षभराचं पॅकिंग’, ‘एका गटाला वजनकाटा आणि सीलिंग मशीन’, आणि पुढं रक्कम. हळदीच्या व्यापाऱ्याला पॅकिंगला काय खर्च येतो ते तोंडपाठ असतं, आकडा खरा असला तर तो लगेच ओळखतो, म्हणून आधी यार्डात जाऊन भाव विचारून मगच ती रक्कम टाका.