अनुभव धागा: वळणावरची मोठी गाडी आणि तिची डावी बाजू

दसरा उलटला की मराठवाड्याच्या रस्त्यांवर ऊस, कापूस आणि सोयाबीनच्या गाड्यांची वर्दळ वाढते, आणि फाट्याफाट्यांवर मोठी गाडी व दुचाकी एकाच वळणात सापडण्याचा धोकाही वाढतो. ज्यांनी अशा गाड्या चालवल्या, ज्यांनी क्लीनर म्हणून काम केले आणि जे त्यांच्या शेजारून रोज जातात, अशा सर्वांनी आपले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. ‘सावकाश चालवा’ एवढ्यावर न थांबता आपण नेमके काय करता, ते कृपया सांगावे.

ट्रेलरचालक, जालना

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळई भरतो. सळई साधारण 12 मीटर लांब असते, त्यामुळे गाडीही तशीच लांब लागते. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत. ती आतल्या बाजूने कापत येतात, आणि गाडी जितकी लांब तितकी ती अधिक आत येतात. उजव्या वळणात हे स्वतःच्या खिडकीतून दिसते. डाव्या वळणात मात्र आपण आणि ती चाके यांच्यामध्ये केबिनची सगळी रुंदी असते, आणि क्लीनर साइडच्या दाराला खेटून असलेली दुचाकी साध्या आरशात येतच नाही.

पुष्कळ चालक डावीकडे वळण्याआधी गाडी उजवीकडे घेतात, आणि मला ही सवय सर्वांत घातक वाटते. त्यामुळे डावीकडे मोकळी झालेली जागा मागच्या दुचाकीस्वाराला आपल्यासाठी सोडलेली वाट वाटते, तो आत शिरतो, आणि ट्रेलरची मागची चाके नेमकी तिथेच येणार असतात. म्हणून मी बराच आधी इंडिकेटर देऊन गाडी डाव्या कडेनेच चौकात आणतो, केबिन नेहमीपेक्षा पुढे जाऊ देतो आणि उशिरा, पण पूर्ण स्टिअरिंग कापतो. जास्तीची जागा लागते ती ज्या रस्त्याला लागायचे आहे त्या रस्त्यावर घेतो; समोरून कोणी येत असेल तर थांबतो. मागून कितीही हॉर्न वाजले तरी ते वाजू द्यावेत.

पूर्वी क्लीनर, आता चालक, वाळूज

आमच्या गाडीवर एक ठरलेले होते: दारावर एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे येऊ द्या. डाव्या वळणाआधी मी काच खाली करून मागच्या चाकापर्यंत बघत असे आणि दोन थापा पडल्याशिवाय उस्ताद गाडी हलवत नसत. आता अनेक मालक खर्च वाचवण्यासाठी क्लीनर देत नाहीत. अशा वेळी डाव्या दारावर खाली पाहणारा जादा गोल आरसा तरी बसवून घ्यावाच, आणि तो रोज पुसावा.

टँकरचालक, बीड

मी मळीचा टँकर चालवतो. अर्धवट भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड असतो, कारण वळणात आतला द्रव बाहेरच्या बाजूला सरकतो आणि गाडीचा तोल त्याच्याबरोबर जातो. वेग 20 वरून 40 झाला की बाहेर फेकणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यामुळे मांजरसुंबा घाट उतरताना वेग वळणाच्या आधीच कमी करतो, गिअर आधीच खाली घेतो आणि वळणात जोराचा ब्रेक मारत नाही. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की त्यामुळे इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असे 2017 च्या वाहनचालन विनियमांतही आहे.

शिक्षिका, परभणी

मी रोज स्कूटीने शाळेत जाते. मोठ्या गाडीच्या आरशात मला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही मी दिसत नाही, असे धरून मागेच थांबते. चौकात डावीकडून पुढे काढण्याचा मोह मी पूर्णपणे सोडला आहे. पण उसाच्या गाड्यांचे इंडिकेटर मोळ्यांखाली झाकलेले असतात. मग ती वळणार आहे हे मागच्याने कसे ओळखावे?

ऊस वाहतूकदार, धाराशिव

ताईंचे म्हणणे रास्त आहे. मजूर घाईने भरतात आणि टोके दिव्यांवर लोंबतात. मी भरणी झाली की मागे उभे राहून दोन्ही इंडिकेटर लावून बघतो आणि आड येणारा ऊस कोयत्याने छाटून घेतो. दुसरी गोष्ट पाणंदीतून डांबरी रस्त्यावर येण्याची. तिथे साइडपट्टी खचलेली असते आणि आतले मागचे चाक त्या खड्ड्यात उतरले की उंच भरलेली गाडी तिकडेच कलते. म्हणून वळण्याआधी खाली उतरून कड पाहतो, खोल असेल तर दगड व मुरूम टाकून घेतो, आणि एक माणूस रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहने थांबवण्यासाठी उभा करून मगच पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता, गाडी वर घेतो.