अँटिबायोटिक गोळ्यांचे तुमचे अनुभव: सातारा–सांगलीकरांनो, लिहा

गेल्या महिन्यात आईला लघवीचा संसर्ग झाला म्हणून साताऱ्यात नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" आई म्हणाली, "आहे. चार वर्षांमागं गोळी घेतली आणि अंगभर पित्तासारख्या गांधी उठल्या, ओठ सुजले." "कुठली गोळी?" "पांढरी. लांबट."

डॉक्टर काही बोलले नाहीत, मीही नाही. पांढऱ्या लांबट गोळ्यांनी मेडिकलचं अख्खं कपाट भरलेलं असतं. चार वर्षांपूर्वी मीच आईला घेऊन गेलो होतो आणि नाव मलाही आठवेना.

म्हणून हा धागा. गोळी कुठली (ब्रँड नको, पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते औषधाचं नाव), कशासाठी, काय त्रास झाला आणि डॉक्टरांनी काय केलं, ते लिहा. एकच विनंती, इथं कुणी कुणाला गोळी सुचवू नये.

सांगली, गावभाग

२०१९ च्या पुराची गोष्ट. घर पाण्यात, आम्ही एका शाळेत मुक्कामाला. पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली, आठवड्यातून एकदाच, २०० मिलिग्रॅम. प्यायचं पाणी आम्ही जपून वापरत होतो. रात्री एका घोटात कॅप्सूल गिळली आणि लगेच सतरंजीवर आडवी झाले.

पहाटे छातीच्या मधोमध असं दुखायला लागलं की मला वाटलं हार्टचंच आहे. आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. दोन दिवस मऊ भातसुद्धा उतरत नव्हता. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी घेऊन झोपलात का?" कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथंच विरघळली होती आणि आतून जखम झाली होती. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि पुढं निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. जखम भरायला आठवडा गेला. तेव्हा एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

तासगाव, द्राक्षबाग

मी सांगतोय, पोरगा टाइप करतोय. वरच्या ताई म्हणत्यात तीच गोळी मला छातीत कफ झाला तवा दिली होती. एप्रिल म्हैना, खरड छाटणी चालू. चौथ्या दिवशी हातांची पाठ आन् मान उकळतं तेल पडल्यागत लाल झाली. हितं जल्मभर उन्हात काम केलंय, असं कधी झालं न्हवतं. मला वाटलं फवारणीचं औषध लागलं. डॉक्टर म्हणाले, न्हाई, या गोळीनं कातडीला ऊन सोसत न्हाई. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, आन् काम सकाळी दहाच्या आत. दूध पिऊन घेत होतो तेबी बंद केलं. दुधानं गोळी अंगाला नीट लागत न्हाई म्हणं.

सातारा, यवतेश्वर घाटात पळणारा

लेव्होफ्लॉक्सासिन, छातीच्या संसर्गासाठी. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, म्हणून पाचव्या दिवशी सकाळी घाटात पळायला गेलो. सातारा हिल मॅरेथॉन जवळ आली होती, सराव बुडवायचं जिवावर आलं होतं. चढावर टाचेच्या वरची ती जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) दुखायला लागली. लचक समजून तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ही माझी चूक. संध्याकाळी जिना उतरता येईना.

हाडांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते अँटिबायोटिकचंच. या गटातल्या गोळ्यांनी (सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनसुद्धा) शिरेला सूज येऊ शकते, क्वचित ती तुटतेही. अमेरिकेत २००८ पासून या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत तसा इशारा छापतात. साठीच्या पुढचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त. माझी गोळी त्याच दिवशी बदलली आणि पळणं चार महिने बंद. शीर तुटली नाही, हे नशीब. गोळी चालू असताना टाच, खांदा, मनगट कुठंही नवं दुखणं आलं तर त्यावर जोर देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

इस्लामपूर

याच गटातली सिप्रोफ्लॉक्सासिन माझ्या सासऱ्यांना दिली होती. ते साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेतात. रात्री दोनला घामाघूम, बोलणं असंबद्ध. मशीनवर साखर ४८. साखरपाणी पाजलं आणि तसंच गाडीत घातलं. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर अशी घसरू शकते, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. आम्हीही चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवली नव्हती.

मिरज

यजमानांना हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ राहायला वॉरफरिन चालू. जुलाब झाले म्हणून जवळच्या मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणली. चिठ्ठी नाही, कुणाला विचारलं नाही. तोंडाला धातूसारखी चव येत होती, ती या गोळीनं येतेच म्हणून सोडून दिली. सहाव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना आणि मांडीवर काळानिळा डाग. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी आयएनआर तपासणी केली तर आकडा नेहमीच्या दुपटीहून वर. मेट्रोनिडाझोलनं वॉरफरिनचा जोर वाढतो. दोन दिवस ॲडमिट. आख्ख्या महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून माणसं उपचाराला मिरजेला येतात आणि आम्ही मिरजेत राहून डॉक्टरांना विचारलं नाही, हे अजून मनाला लागतं.

विटा

नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल. दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्यात जळजळ आणि काळा डाग. तिसऱ्या वेळी त्वचेच्या डॉक्टरांनी ओळखलं. आता कायमची बंद.

कराड, मेडिकल चालवतो

वाचून वाईट वाटलं, कारण यातलं बरंच काउंटरवरच थांबवता आलं असतं. लेव्होफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम अशा गोळ्या १ मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. त्या देताना चिठ्ठी बघून रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि किती दिल्या ते वहीत लिहावं लागतं आणि वही तीन वर्षं ठेवावी लागते. बाकीच्या अँटिबायोटिकलाही चिठ्ठी लागतेच. तरी गिऱ्हाईक म्हणतं, "दोनच द्या, सर्दी आहे." सर्दी विषाणूची, तिला या गोळ्या लागू पडत नाहीत. मी नाही म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो. तरी मी नाहीच म्हणतो.

दोन सुट्ट्या गोळ्या कापून दिल्या की नाव गेलं पाकिटाच्या दुसऱ्या अर्ध्यावर. अशानंच "पांढरी लांबट" उरते. कापलेल्या पाकिटावर नाव लिहून मागा, बिल मागा. आणि औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ हा सरकारचा मोफत नंबर आहे, रुग्णानं स्वतः कळवलेलंही तिथं नोंदवून घेतात. धाप लागली, चेहरा किंवा जीभ सुजली, अंगावर फोड येऊन कातडी सुटायला लागली, तर मात्र फोन करत बसू नका. गोळी थांबवा आणि थेट दवाखाना गाठा.

वाई

लहान मुलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. थोरल्याचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकचं पातळ औषध उरलं होतं, महिन्यानं धाकट्याला त्यातलंच दिलं. पावडरीत पाणी घालून केलेलं हे औषध फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसच चालतं, हे बाटलीवरच लिहिलेलं होतं. जुलाबानं पोर मलूल झालं. आता उरलेली बाटली घरात ठेवत नाही.

धागा काढणारा

कराडच्या दादांचं वाचून काल माळ्यावरची पिशवी उतरवली. विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात मेडिकलचं बिल सापडलं, शाई उडालेली, पण उन्हात धरल्यावर वाचता आलं. को-ट्रायमॉक्सॅझोल, म्हणजे सल्फाची गोळी. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं. आईनंही तेच नाव मला दोनदा विचारून एका कागदावर उतरवून घेतलं आणि तो कागद आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवला.